बेंजोसमोरचा तो फोटो

मी एक मेमरी कार्ड. अशा वेळी 'बोलतोय' म्हणायची पद्धत आहे, पण खरं सांगायचं तर मला बोलता येत नाही. मला फक्त लक्षात ठेवता येतं, आणि ते दुसऱ्या कुणी नीट काढून घेतलं तरच त्याला अर्थ. म्हणजे माझी अवस्था घरातल्या म्हाताऱ्या माणसासारखीच. फरक इतकाच की म्हातारं माणूस कुणी न विचारताही सांगत राहतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे धुळीचा कण दिसला तरी माणसं दचकत. तिथून मी आलो बदलापुरात, जिथे धूळ हा हवेचाच एक भाग आहे. आकार टपाल तिकिटाएवढा, रंग काळा, अंगावर निळं लेबल. कडेला एक इवलीशी कळ असते. ती खाली ओढली की माझ्यावर काही लिहिता येत नाही आणि पुसताही येत नाही. ही कळ कशासाठी, हे मला आजवर हाताळणाऱ्यांपैकी एकानेही विचारलेलं नाही.

मला घेतलं राजरत्नने. तो बदलापूरच्या एमआयडीसीत औषधांच्या कंपनीत पाळीवर जायचा. धाकट्या बहिणीचं, अस्मिताचं लग्न ठरलं तेव्हा त्याने हौसेने डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याच्या पोटातून मी हेंद्रेपाड्यातल्या त्यांच्या घरी आलो. पहिल्याच दिवशी त्याच्या वडिलांनी, शंकररावांनी, मला तळहातावर घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवून न्याहाळलं.

"यात रोल कुठे असतो?"

"हाच रोल, बाबा."

"धुवायला कुठे द्यायचा?"

"धुवायचा नाही. कॉम्प्युटरवर टाकायचा."

"आणि तिथून गेला की?"

"जात नाही हो," राजरत्न म्हणाला. तरुण माणसं फार लवकर हमी देतात.

शंकरराव अंबरनाथच्या एका कारखान्यात टाइमकीपर होते. निवृत्त झाले होते, पण टाइमकीपर निवृत्त होतो म्हणजे काय, तर इतके दिवस फाटकावर लोकांचा उशीर मोजत होता तो आता घरात मोजतो. शिवाय ते वस्तीतल्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपली लग्नं वेळेवर लागली पाहिजेत. आपल्यात मुहूर्त नाही म्हणजे घड्याळ नाही असं नव्हे. बेंजो आणायचा नाही, रस्त्यात नाचायचं नाही, वाचेल त्या पैशातून पोरांची अभ्यासिका चालवायची. "आपल्याला शिका म्हणून सांगितलंय," ते सभेत म्हणत, "कमरेला रुमाल बांधून लोळा म्हणून नाही." अभ्यासिका खरोखर चालू होती, आणि ती शंकररावांच्या हट्टावर चालू होती हे त्यांचे शत्रूही मान्य करत.

शत्रूंमध्ये पहिला सुदाम, गल्लीच्या टोकाला राहणारा. त्याच्या मुलाच्या वरातीपुढे शंकरराव हात आडवे पसरून रस्त्यात उभे राहिले होते. बेंजो थांबला. जीपमधला नवरदेव सेहऱ्याआडून इकडेतिकडे बघत राहिला. शंकररावांनी एक शब्द न बोलता मनगटावरचं घड्याळ दाखवलं. सुदाम ते विसरला नव्हता. त्याची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली, कारण ती बिघडत नाही.

लग्न बेलवलीतल्या एका हॉलमध्ये होतं. जावई मुकेश, अंबरनाथचा. मुलाकडच्यांनी शंकररावांच्या सगळ्या अटी मान्य केल्या होत्या, म्हणजे मान हलवली होती. आत ठरवून आणलेला फोटोग्राफर स्टेजची जागा अडवून उभा होता, म्हणून राजरत्न मला घेऊन दारात घुटमळत होता. तेवढ्यात कोपऱ्यावरून बेंजो वाजला.

शंकरराव ताडकन उठले. शर्टाची बाही सरळ केली आणि रस्त्यावर गेले. राजरत्न मागोमाग. हॉलमधली निम्मी माणसंही मागोमाग, कारण पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असलेलं बघायला माणसांना फार आवडतं. मुलाकडची पोरं बेंजोसमोर नाचत होती. शंकरराव थेट त्यांच्यात शिरले आणि थांबा म्हणून हात वर केला.

तो हात त्यांच्या मोठ्या बहिणीने, रखमाआत्याने, धरला.

"शंकऱ्या, पोरगी चालली तुझी," ती म्हणाली. "आज घड्याळ नको दाखवू. नाच!"

आणि तिने त्यांना ओढलं. आधी ते नुसतेच ओढले गेले. मग एक पाय उचलला गेला. मग दुसरा. मग शंकरराव नाचले. चांगलं नाचले असं मी म्हणणार नाही. गुडघ्यांना सवय नव्हती आणि ताल पुढे, ते मागे. पण नाचले, ते अख्खं गाणं होईपर्यंत. राजरत्न कॅमेरा डोळ्याला लावून पुढे सरकला. त्याने धडाधड फोटो काढले आणि ते सगळे एकामागून एक माझ्या अंगावर येऊन आदळले. गाणं संपलं. शंकररावांनी कॉलर ठीक केली, आत जाऊन बौद्धाचार्यांना म्हणाले, "सुरू करा, उशीर झालाय," आणि पुन्हा जसे होते तसे झाले.

संध्याकाळपर्यंत वस्तीत दुसरा विषय नव्हता. शंकररावांचं उत्तर एकच. "मी थांबवायला गेलो होतो. गर्दीत धक्काबुक्की झाली."

"धक्काबुक्की तालात झाली म्हणे," सुदाम म्हणाला. "असू दे, असू दे. पोराने फोटो काढलेत. मंडळाच्या सभेत बघूच."

तेव्हापासून मला चैन नाही.

त्या घरात शंकररावांची एक शिस्त होती: वस्तू एकाच जागी असली पाहिजे. कात्री दोन खोल्यांत नको, किल्ल्या दोन खिळ्यांना नकोत. राजरत्न त्याच शिस्तीत वाढलेला. कॉम्प्युटरवर फोटो उतरवताना लोक नक्कल करून घेतात, म्हणजे मूळ माझ्याकडे राहतं. याने ते कापून तिकडे चिकटवायला घेतले. तेच फोटो दोन ठिकाणी म्हणजे पसारा! निम्मे फोटो माझ्यातून उपटले गेले, निम्मे उपटायचे होते, आणि वीज गेली. भारनियमनाचं वेळापत्रक शंकररावांनी भिंतीवर चिकटवलेलं होतं. त्यात ही वेळ नव्हती. वीजवाल्यांनी ते वेळापत्रक वाचलेलं नसावं.

वीज आली तेव्हा कॉम्प्युटरवर काही नव्हतं आणि माझ्यातही काही दिसत नव्हतं. दिसत नव्हतं म्हणतोय. होतं सगळं. पण कुठे काय ठेवलंय याची जी खूण माझ्याकडे असते ती विस्कटली होती. तुम्हाला एखाद्याचं नाव जिभेवर येऊन अडकतं ना, तसं माझ्या सगळ्या अंगाचं झालं होतं.

राजरत्नने मला पुन्हा कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्याने इंग्रजीत विचारलं, हे कार्ड कोरं करू का?

"काय म्हणतोय तो?" शंकररावांनी मागून विचारलं.

"सगळं पुसू का म्हणून विचारतोय."

"एवढं विचारतोय तर हो म्हण की."

"बाबा!"

राजरत्नने मला इतक्या झटक्याने बाहेर ओढलं की मी टेबलाखाली जाऊन पडलो. शंकरराव घाईघाईने म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं." त्यांना त्यातलं बरंच कळत होतं.

संध्याकाळी अंबरनाथहून अस्मिताचा फोन आला. फोनवर आधी राजरत्न रडकुंडीला आला, मग त्यांच्या आईने, कुंदाबाईंनी, त्याची बाजू घेतली, मग फोन शंकररावांकडे गेला.

"बाबा, स्टेजचे फोटो अल्बममध्ये आहेत. ते नसले तरी चालतील मला. त्यात तुम्ही सगळीकडे पासपोर्टला बसल्यासारखे आहात. मला फक्त तो बेंजोसमोरचा पाहिजे."

"कसला बेंजोसमोरचा?"

"सगळे सांगतात तो."

"लोक काहीही सांगतात."

"मग फोटो येऊ दे, बघू कोण खोटं बोलतंय. बाबा, तुम्ही हसलेला एक फोटो नाही हो आपल्या घरात. मी जन्मापासून बघतेय."

शंकररावांनी रिसीव्हरची पीळ पडलेली वायर सरळ केली. मग रिसीव्हर ठेवून राजरत्नला म्हणाले, "तुला पाळ्या असतात. कार्ड मी नेतो दुकानात." मुलाला बिचाऱ्याला गहिवरून आलं. मला मात्र धडकी भरली. ज्याच्याविरुद्धचा पुरावा, त्याच्याच खिशात!

चष्म्याच्या घरात, चष्मा पुसायच्या पिवळ्या फडक्याखाली माझी सोय झाली. पहिली फेरी अंबरनाथ स्टेशनजवळच्या एका दुकानात. दुकानदाराने मला मशीनमध्ये घातलं, काढलं, दुसऱ्या बाजूने फुंकर मारली. "गेलं, काका. फेकून द्या." एवढ्या आनंदाने वाईट बातमी ऐकणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नसेल. शंकररावांनी समोरच्या हॉटेलात चहाबरोबर भजीही मागवली. घरी येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "प्रयत्न केला."

पण मुलगी त्यांचीच. तिने मुकेशकडून चौकशी करवली आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला: उल्हासनगरला तीन नंबर कॅम्पात लेखू म्हणून एक सिंधी आहे, तो अशी कार्डं दुरुस्त करतो, त्याच्याकडे न्या. शंकररावांना नाही म्हणता येईना. नाही म्हणायला कारण लागतं, आणि खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

उल्हासनगरात वालधुनीच्या पुलावर ते थांबले. वालधुनीला नदी म्हणतात. काठाला जीन्स रंगवायचे कारखाने, म्हणून तिच्या पाण्याचा रंग त्या दिवशी कुठल्या रंगाच्या जीन्सला मागणी आहे यावर ठरतो. त्या दिवशी निळी होती. शंकररावांनी चष्म्याचं घर उघडलं, फडकं बाजूला सारलं आणि मला चिमटीत धरून कठड्यापलीकडे हात नेला. खाली तो निळा फेस, वर त्यांचं घामेजलेलं बोट. मी कारखान्यात अनेक परीक्षा दिल्या आहेत, उष्णतेच्या, थंडीच्या, हादऱ्यांच्या. टाइमकीपरच्या चिमटीची परीक्षा तिथे घेत नाहीत.

"काका, निर्माल्य टाकताय का?" मागून एका बाईंनी विचारलं. "पलीकडे कुंडी ठेवलीये हो. पालिकेने बोर्ड लावलाय."

शंकरराव गर्रकन वळले. "आमच्यात निर्माल्य नसतं."

"मग काय टाकताय?"

आता काय सांगणार? स्वतःचा नाच? "काही टाकत नाहीये," ते म्हणाले. "बघतोय." आणि मला परत फडक्याखाली ढकलून तरातरा निघाले. बाई मागून म्हणाल्या, "बघण्यासारखं काये त्यात?" त्या बाईंचं नाव मला कळलं नाही.

लेखूचं दुकान म्हणजे दोन मोठ्या दुकानांमधली फट होती. भिंतीवर मोबाइलची कव्हरं, काउंटरवर उघडे पडलेले रिमोट, आणि मधे एक कॉम्प्युटर.

"बैठो साईं, बैठो. काय झाला? शादीचा कार्ड? शादीचा असेल तर आपण सोडत नाही. घरवाली लोक मारते नंतर."

"काही विशेष नाही त्यात," शंकरराव म्हणाले. "किरकोळ आहे. नाही निघालं तरी चालेल."

लेखूने त्यांच्याकडे वर-खाली पाहिलं. "किरकोळ के लिए कोई बदलापूर से आता है क्या?"

मग त्याने मला मशीनमध्ये बसवलं आणि काहीतरी सुरू केलं. ते कसं होतं सांगू? एखाद्याने अंधाऱ्या माळ्यावर शिरून प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघावं तसं. माझ्या खुणा त्याने विचारल्याच नाहीत. तो सरळ एका टोकापासून चाचपत निघाला. मला गुदगुल्या होत होत्या, चटके बसत होते, आणि आत काय शिल्लक आहे ते मलाही माहीत नव्हतं. पडद्यावर एकेक फोटो उगवू लागला. हॉलबाहेरचा चपलांचा ढीग. कुणाची तरी पाठ. मेणबत्त्या. पंगतीतलं अर्धं ताट, पुढे सगळं राखाडी. शंकरराव खुर्चीच्या टोकावर आले होते. प्रत्येक फोटोला त्यांचा श्वास अडके, आणि तो नाही म्हटल्यावर सुटे. पण मग मी एक गोष्ट पाहिली. हळूहळू तो श्वास सुटेनासा झाला. ते पडद्याच्या आणखी जवळ सरकले. चष्मा घातला. एखादं माणूस यायला नको म्हणून दारात उभं राहावं आणि ते येतच नाही म्हटल्यावर रस्त्याकडे डोळे लागावेत, तसं काहीसं.

आणि तो आला. वरचा निम्मा. छातीपासून खाली राखाडी पट्टा, पाय नाहीत, रस्ता नाही, बेंजो नाही. वर उचललेला एक हात, मनगटावर घड्याळ, मनगटाला धरलेली रखमाआत्याची बोटं, आणि चेहरा. तोंड उघडं, डोळे मिटलेले, कपाळावर केस आलेले. माणूस हसत होता.

लेखू खूश झाला. "अरे वा! मस्त आदमी आहे. कोण, तुमचा छोटा भाई काय?"

शंकररावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"बोलो साईं, नीचेवाला तर उड गया. पाय-बिय काय नाय. असा आधा फोटो लोक घेत नाय. ठेवू का उडवू?"

बघा आता. उडव म्हटलं असतं तर संपलं होतं. लेखूने एक कळ दाबली असती. घरी सांगायला दुकानदाराची साक्ष होती. आणि ठेव म्हटलं तरी शंकररावांचं काही बिघडत नव्हतं, कारण त्या अर्ध्या फोटोत त्यांचं सगळं म्हणणं खरं ठरत होतं. हात वर आहे, म्हणजे थांबवतायत. पाय तर नाहीतच, मग नाचले कशाने? देवावर विश्वास नसलेल्या माणसाच्या बाजूने इतका चोख चमत्कार क्वचितच झाला असेल.

शंकरराव पडद्यावरच्या त्या माणसाकडे बघत राहिले.

"भाऊ नाही," ते म्हणाले. "मीच आहे तो."

लेखूने फोटोकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं. धंद्यातला माणूस. गिऱ्हाईकाला खोटं पाडत नसतो. "असेल, असेल," तो म्हणाला.

"ठेव तो. नीट ठेव. आणि दोन ठिकाणी ठेव."

लेखूने त्याची सीडी करून दिली आणि मला परत देताना बजावलं, यापुढे याच्यावर नवीन काही घेऊ नका, याचा भरवसा नाही. माझ्यादेखत बोलला. असो. दुकानाबाहेर रुपया टाकून बोलायचा लाल फोन होता. शंकररावांनी नंबर फिरवला. मी खिशात, त्यांच्या छातीला टेकून. आत जे धडधडत होतं ते मला नको इतकं जवळून ऐकू येत होतं.

"अस्मिता? मी बोलतोय. सापडला."

"कुठला?"

"तो. तू म्हणत होतीस तो. बेंजोसमोरचा." मग घाईघाईने, "पण अर्धाच आहे. वरचाच आलाय. पाय नाहीत त्यात."

रस्त्यावर रिक्षा वाजत होत्या. शंकररावांनी रिसीव्हर कानाला दाबला.

"चालेल, बाबा," ती म्हणाली. "पाय मी बघितलेत."

"तू? तू तर आत होतीस."

"हॉलच्या वरच्या खिडकीत होते. चेहरा तेवढा दिसत नव्हता. सारखं आत्याच्या पदराआड जात होता. तेवढाच पाहिजे होता मला."

शंकररावांनी आणखी एक रुपया टाकला. बोलायला काही नव्हतं, तरी टाकला.

पुढच्या रविवारी मंडळाची सभा झाली. सुदामला बातमी लागली होती की फोटो सापडला, आणि अर्धाच सापडला. तो तयारीने आला होता.

"अध्यक्ष, ऐकलं की फोटोत तुमचे पायच नाहीत! बरं जमवलंत. म्हणजे आता आम्ही काय समजायचं, तुम्ही बेंजो थांबवत होता?"

माणसं हसली. शंकरराव उभे राहिले. मी चष्म्याच्या घरात होतो आणि चष्म्याचं घर त्यांच्या मुठीत होतं.

"नाचलो," ते म्हणाले.

सुदामची सगळी तयारी वाया गेली. त्याला राग आला. "मग माझ्या पोराच्या वरातीत का आडवे आलात?"

"चुकलं माझं. बेंजो थांबवायला नको होता." शंकरराव खाली बसले, पुन्हा उठले. "पण लग्नाला उशीर झाला होता तुमच्या. ते वेगळं."

त्यावर पुष्कळ वेळ आरडाओरडा झाला. शेवटी ठरलं ते असं: बेंजो चालेल, एक गाणं, आणि लग्न वेळेवर. एक गाणं म्हणजे किती मोठं, यावर अजून मंडळात एकमत नाही.

याला आता काही वर्षं झाली. राजरत्नने माझ्या चौपट पोटाचं नवं कार्ड घेतलं आणि माझा निकाल लागल्यासारखं झालं. तो फोटो अंबरनाथला अस्मिताच्या घरात फ्रेम होऊन लागलाय. राखाडी पट्टा कापून टाकू का, असं फ्रेमवाल्याने विचारलं होतं. ती नको म्हणाली. मी मात्र हेंद्रेपाड्यातच आहे, शंकररावांच्या चष्म्याशेजारी. माझ्यावर कुणी काही लिहीत नाही, कुणी काही वाचत नाही, तरी मला स्वस्थता नाही. अंगात अजून कुठेतरी ते पाय असतील असं वाटत राहतं. एखाद्या कोपऱ्यात, खूण पुसलेले, पण तालाच्या मागे मागे पडत चाललेले. लेखूला सापडले नाहीत म्हणजे नसतीलच असं कुठे आहे?

दुपारी घरात कुणी नसलं की शंकरराव मला फडक्याखालून काढतात, दारात उजेडात जातात आणि मला डोळ्यांसमोर धरतात. जुन्या काळी रोलची निगेटिव्ह धरत तसं. एक डोळा मिटून, मान तिरकी करून, बराच वेळ.

शंकरराव, मी रोल नाही. माझ्यातून उजेड आरपार जात नाही आणि असं धरून तुम्हाला काही दिसायचं नाही. पण धरा. फक्त कठड्यापासून लांब उभे राहा, आणि ती कडेची इवलीशी कळ आहे ना, ती एकदा खाली ओढा. तेवढं काम कुणीतरी करायचं राहिलंय.